फाइलीतला फोटो शेजारच्या वाड्याचा आहे

प्रति,
राज्यातल्या गावोगावच्या वारसा समित्यांचे सदस्य आणि पालिकांच्या बांधकाम विभागांतले अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी फोटोग्राफर. स्टुडिओ वडिलांनी १९७१ साली टाकला, आता मी चालवतो. पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी, बारशी आणि अलीकडे डोहाळजेवणं यांवर घर चालतं. सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी ट्रायपॉड खांद्यावर टाकून मी गावातले जुने वाडे टिपत फिरतो. या नादाला एकोणीस वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एका साहेबाशी भांडायचं नाही. शिवाय हे पत्र वाचून तुमच्यातल्या पुष्कळांना ‘हा आपल्याच गावचा दिसतोय’ असं वाटेल, याची मला खात्री आहे.

आमच्या पेठेत दोन चौकांचा एक वाडा होता. पुढच्या चौकात हौद, मागच्या चौकात विहीर आणि पारिजातक. दिंडी दरवाजातून वाकून आत गेलं की उजव्या हाताला देवडी, तिथं शेवटच्या काळात एक इस्त्रीवाला बसायचा. ओसरीचे खांब सागवानी, सुरूच्या घाटाचे, वर उलटी लटकलेली केळफुलं. तुमच्या वारसा यादीत या वाड्याला नंबर होता. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लग्नाच्या ऑर्डरीसाठी मी चार दिवस परगावी गेलो. परतलो तेव्हा नुसतं जोतं उरलं होतं.

वाडा पाडला म्हणून हे पत्र लिहीत नाही. त्याची मागची भिंत फुगली होती आणि वरच्या मजल्यावर जायला मालकांनीच बंदी केली होती. माणसं गाडली जाण्यापेक्षा लाकूड-माती वेळेवर उतरवलेली बरी, एवढं मलाही कळतं. माझी तक्रार त्यानंतर जे हाती आलं त्याबद्दल आहे.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी माहिती अधिकारात अर्ज केला. पानाला दोन रुपये या दरानं अकरा पानं मिळाली. नोटिशीची प्रत, मालकांचं संमतिपत्र, स्ट्रक्चरल ऑडिटचा गोषवारा आणि वारसा यादीतल्या नोंदीचा तक्ता. तक्त्यात ‘लाकडी बांधकाम, स्थिती जीर्ण’ एवढे चार शब्द आणि एक फोटो. फोटोत विजेचा खांब, एक स्कूटर आणि अर्धा दरवाजा. दरवाजाच्या गणेशपट्टीवर गणपती दिसतो. पाडलेल्या वाड्याच्या पट्टीवर गणपती नव्हता, कमळ होतं. गणपती आहे तो शेजारच्या वाड्याच्या दारावर. म्हणजे कित्येक पिढ्या नांदलेल्या घराची सरकारदरबारी उरलेली एकुलती एक खूण दुसऱ्याच घराची आहे.

त्या रात्री वडिलांचे निगेटिव्हचे डबे काढून बसलो. पूर्वी आमच्याकडे लग्नं-मुंजी वाड्यातच होत, कार्यालयं नंतर आली. १९७८ सालच्या एका मुंजीत बटू रडवेला होऊन बसला आहे आणि त्याच्या मागे ओसरीचा तिसरा खांब आहे, जरा धूसर. एका लग्नात विहिणींची पंगत बसली आहे, वर कडीपाटाच्या तुळया मोजता येतात. आणखी एकात नवरदेवाच्या फेट्यामागे महिरपीचा कोनाडा. अशी सहा लग्नं आणि चार मुंजी जोडून मी पुढचा चौक कागदावर उभा केला. मागचा चौक मात्र गेला तो गेलाच. तिथं स्वयंपाक चालायचा, भांडी घासली जायची, बायका दुपारी दोन घटका टेकायच्या. तिथं फोटोग्राफरला कोणी बोलावलंच नाही.

आता तुम्ही विचाराल, एकोणीस वर्षं फिरतोस तर तू का नाही काढलेस फोटो? दोनदा गेलो होतो. एकदा थोरल्या भावानं ये म्हटलं आणि धाकट्यानं दारातून हाकललं, कारण वाटणीचा दावा कोर्टात होता आणि त्याला वाटलं मी थोरल्याच्या वतीनं पुरावा गोळा करतोय. हे समजण्यासारखं आहे. घर त्यांचं, हक्क त्यांचा. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वाडा रिकामा झाला होता, नोटीस लागली होती आणि बाहेरच्या पहारेकऱ्यानं ‘साहेबांचं पत्र आणा’ म्हणून सांगितलं. साहेब कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी तीन खिडक्या फिरलो, मलाही ते कळलं नाही.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की तुमच्या याद्या म्हणजे नावांच्या याद्या आहेत. वास्तूची नोंद त्यांत नाही. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, या देशातली ती पहिली. त्यानंतर इतर शहरांनीही याद्या केल्या, श्रेण्या पाडल्या. श्रेणी कशावरून दिली, ती वास्तू आतून कशी आहे, जिना कुठं, चौक किती खणांचा, लाकडावर काय कोरलंय, हे नोंदीत नसेल तर श्रेणीला अर्थ काय? आमच्या गावच्या यादीत एका वाड्याला ‘दुमजली’ म्हटलंय. तो तीन मजली आहे. तिसरा मजला रस्त्यावरून दिसत नाही, एवढंच. यादी करणारा माणूस आत गेलाच नव्हता.

फोटो आणि मोजमाप नसलं की काय होतं, याचा धडा आपल्याकडे फार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेला आहे. शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला आणि १८२८ च्या आगीत जळाला. फोटोग्राफीचा शोध जगाला जाहीर झाला १८३९ साली. अकरा वर्षांची चुकामूक. त्या अकरा वर्षांपायी आपण आजही तटाच्या आत उभे राहून जोत्यांकडे बोट दाखवतो आणि मजले किती होते यावर वाद घालतो. आतला दरबार कसा दिसे याची थोडीफार कल्पना येते ती जेम्स वेल्ससारख्या चित्रकारांमुळे. त्याच काळात पुण्याच्या गंगाराम तांबटानं पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली. कागद कुठं आहेत? अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात. निदान आहेत तरी.

अजिंठ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं १८४० च्या दशकात तिथल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करायला घेतल्या, वर्षानुवर्षं तो तेच करत राहिला. त्यांतल्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, १८६६ च्या आगीत त्या जळून गेल्या. पण याच गिलनं पुढं कॅमेराही हाती घेतला होता आणि अजिंठा-वेरूळसह आसपासच्या वास्तूंचे फोटो काढले होते. ते फोटो आजही अभ्यासक पाहतात. गिल भुसावळला पुरलेला आहे. आमच्या धंद्यातल्या माणसानं एकदा तरी तिथं जाऊन यावं, असं मला वाटतं.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. ही कला आपल्याकडे इतकी लवकर आली, आपल्याच माणसांनी ती उचलली, आणि तरी पावणेदोनशे वर्षांनी पालिकेच्या फाइलीत विजेचा खांब आणि स्कूटर!

दुसरी तक्रार पाडकामाची. इमारत धोकादायक ठरली की महापालिका असेल तर कलम २६४ ची नोटीस लागते, नगरपालिका असेल तर कलम १९५ ची. ऑडिटवाला ‘सी-१’ लिहून देतो, म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा. मी अशा नोटिशींच्या तारखा लिहून ठेवतो, सवयच लागली आहे. आमच्या गावात नोटीस लागल्यापासून पोकलेन येईपर्यंत एकदा सात महिने गेले, एकदा सव्वा वर्ष, एकदा तर तीन वर्षं. दोन चौकांच्या वाड्याचं पुरतं छायाचित्रण करायला मला दीड दिवस लागतो. म्हणजे वेळ नव्हता, ही सबब चालत नाही. जिथं आत जाणं खरोखर धोक्याचं आहे तिथं बाहेरून, शेजारच्या गच्चीवरून काढता येतात. छप्पर उतरवताना मजूर आत असतातच, तेव्हा त्यांच्याबरोबर काढता येतात. खरं तर तेव्हा जे दिसतं ते एरवी दिसतच नाही. भिंतीच्या पोटातल्या पातळ विटा, चुन्याचा थर, लाकडाला लाकूड कसं सांधलंय, खिळा कुठं आहे आणि कुठं नाही.

पुण्यातल्या ज्या भिडे वाड्यात फुले दांपत्यानं १८४८ साली मुलींची शाळा काढली, तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. तिथं राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. व्हायलाच हवं. पण स्मारक कितीही देखणं झालं तरी तिथं आलेली एखादी चौथीतली मुलगी विचारणारच, की शाळा भरायची ती खोली केवढी होती, उजेड कुठून यायचा, खिडकीतून काय दिसायचं? अशा प्रश्नांची उत्तरं देणारे कागद पाडकामाच्या आधी तयार होतात. नंतर समित्या नेमून होत नाहीत.

तिसरी तक्रार, फोटोबंदीची. जिथं जावं तिथं ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’. कुणी ठरवलं? कुठल्या नियमाखाली? एका सार्वजनिक इमारतीत मला ‘इमारतीचा कॉपीराइट आहे’ असं सुनावण्यात आलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एस) सरळ सांगतं, की वास्तूचं चित्र किंवा छायाचित्र काढणं आणि ते प्रसिद्ध करणं हा कॉपीराइटचा भंग नव्हे. केंद्राच्या पुरातत्त्व खात्यानं तर जुलै २०१८ मध्ये आपल्या संरक्षित स्मारकांतली फोटोबंदी उठवली. अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातला कबरीचा भाग एवढेच अपवाद ठेवले. अजिंठ्याचं कारण कुणालाही पटेल, चित्रांना फ्लॅशचा उजेड सोसत नाही. पण गावच्या जुन्या कचेरीच्या दगडी कमानीला कसला त्रास होतो?

दुसऱ्या एका ठिकाणी मला दिवसाला पाच हजार रुपये फी सांगितली. सिनेमाच्या शूटिंगचा दर होता तो. मी म्हटलं, माझ्यासोबत नटी नाही, नुसता ट्रायपॉड आहे. बाबू हसला, पण फी कमी झाली नाही. गंमत अशी, की त्याच आवारात पोरंपोरी मोबाइलवर रीळ करत होती, त्यांना कोणी हटकत नव्हतं. ट्रायपॉड दिसला की माणूस गुन्हेगार ठरतो.

आमच्या बाजूनं चुका झाल्या नाहीत असं नाही. प्रीवेडिंगवाल्यांनी कौलांवर चढून कौलं फोडली आहेत, हौदात रंगीत धूर सोडला आहे. मी स्वतःही प्रीवेडिंग करतो, म्हणून खालमानेनं लिहितो. आणि आम्हा हौशी लोकांची आणखी एक वाईट खोड आहे. पडका वाडा, तिरपं ऊन, दारात बसलेली म्हातारी, की झाला फोटो. लाइक मिळतात. त्या म्हातारीचं नाव आम्ही विचारत नाही, तिच्या डोक्यावरची तुळई कुणी दिली हे विचारत नाही, वाडा कुठल्या पेठेतला हेसुद्धा खाली लिहीत नाही. असला फोटो सुंदर असतो आणि पन्नास वर्षांनी तो कुणाच्याच उपयोगाचा नसतो. मी स्वतः अशी तीन-चार वर्षं वाया घालवली.

चौथी तक्रार लाकडाची. वाडा पडला की खांब, तुळया, दारं, गणेशपट्ट्या घनफुटाच्या हिशेबानं विकल्या जातात. मालकाला दोष देत नाही. १९४७ च्या भाडे कायद्यानं गोठवलेली भाडी, वीस-तीस रुपयांत वरचा मजला अडवून बसलेलं बिऱ्हाड, छप्पर शाकारायचा खर्च लाखात. त्यानं वाडा सांभाळायचा कशाच्या जोरावर? त्याला लाकडाचे पैसे मिळाले तर मिळोत. पण ते कुठं गेलं याची एक ओळ तरी कुठंतरी असावी. आमच्या त्या वाड्याचे दोन खांब मी ओळखले, महामार्गावरच्या एका हॉटेलाच्या दारात. एक उलटा लावलाय. केळफूल वरच्या ऐवजी खाली, आणि त्यावर कुणीतरी ऑइलपेंट फासलाय.

नोंद असली तर काय होऊ शकतं, हेही आपल्याकडे दिसतं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जाऊन या. दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो तिथं पुन्हा उभा केला. एकट्या माणसाचा ध्यास होता तो. तुमच्याकडे तर खाती आहेत, अंदाजपत्रक आहे.

पाचवी तक्रार थोडक्यात. जिथं दुरुस्ती होते तिथं आधीची स्थिती टिपलेली नसते. मग चुन्यावर सिमेंटचा गिलावा, सागवानावर चॉकलेटी रंग, आणि उद्घाटनाच्या फलकावर इतिहास म्हणून ऐकीव गोष्टी. प्रत्येक गावातल्या प्रत्येक वाड्यात कुणीतरी थोर पुरुष मुक्कामाला असतोच! मालकाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद पडलेले असतात, सिटी सर्व्हेच्या कचेरीत मिळकत पत्रिका असते, पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुन्या कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. ते बघायचं सोडून दंतकथा संगमरवरावर कोरायची कशाला?

आता मागण्या. अशक्य असं त्यांत काही नाही.

एक. वारसा यादीतली असो वा नसो, समजा शंभर वर्षांवरची कोणतीही इमारत पाडायची परवानगी देताना छायाचित्र-नोंद सक्तीची करा. ती जोडल्याशिवाय परवानगीवर सही नको. धोकादायक इमारत असेल तर नोटीस लागल्यापासून पंधरा दिवसांत पालिकेनंच ती करावी, मालकावर खर्च टाकू नये.

दोन. नोंद म्हणजे काय ते लिहून काढा, नाहीतर पुन्हा खांब आणि स्कूटरच येईल. दर्शनी बाजू समोरून, कॅमेरा वर न कलवता. प्रत्येक चौक चारही कोपऱ्यांतून. प्रत्येक खोली दोन कोपऱ्यांतून, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि परसूसह. मागचा चौक वगळायचा नाही. कोरीवकाम सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, शेजारी मापपट्टी ठेवून. सोबत हातानं काढलेला नकाशा, फोटो कुठून काढला त्याचे बाण, तारीख, उत्तर दिशा, नगर भूमापन क्रमांक. मूळ फायली जशाच्या तशा जपायच्या, व्हॉट्सॲपवरून आलेल्या नकोत.

तीन. सध्याच्या याद्यांतले फोटो एकदा जागेवर जाऊन पडताळा. आमच्या गावात एक चुकीचा सापडला, तो मी शोधायला गेलो म्हणून.

चार. सार्वजनिक मालकीच्या जुन्या इमारतींत हौशी आणि अभ्यासकांना विनाफी, ट्रायपॉडसह फोटो काढू द्या. जिथं बंदी हवीच आहे तिथं कारण आणि आदेशाचा क्रमांक फलकावर लिहा. फ्लॅश नको म्हणा, छपरावर चढू नका म्हणा, ओळखपत्र मागा. हे सगळं आम्ही पाळू.

पाच. या नोंदी लोकांना बघायला खुल्या ठेवा. आणि प्रत्येक गावात माझ्या वडिलांसारख्या जुन्या फोटोग्राफरांच्या घरी माळ्यावर डबे आहेत. बुरशी लागण्याआधी ते स्कॅन करून घ्या. लग्नाच्या अल्बमांत तुमच्या गावाचा निम्मा वारसा पाहुण्यांच्या पाठीमागे उभा आहे.

माझ्याकडे आजमितीस ४१ वाड्यांची नोंद आहे, त्यातले १३ आता जमिनीवर नाहीत. मागच्या वर्षी हार्ड डिस्क घेऊन मी आमच्या कचेरीत आलो होतो, फुकट द्यायला. ‘हे कुठल्या टेबलावर टाकायचं’ यावर अर्धा तास चर्चा झाली आणि डिस्क मला परत मिळाली. येत्या सोमवारी पुन्हा येतो. सोबत वाड्यांची यादी दोन प्रतींत आणतो. एका प्रतीवर पोच द्या, तारीख आणि शिक्क्यासह.

कळावे.

आपला,
एक स्टुडिओवाला

ता. क. शेजारच्या वाड्याला, ज्याच्या दारावर गणपती आहे त्याला, गेल्या आठवड्यात नोटीस लागली. त्याचा फोटो शोधत बसू नका. तुमच्याकडे आहे तो, फक्त दुसऱ्या फाइलीत.